आठाचे सात

वर्ध्याला लागूनच्या पिपरी मेघे गावात आम्ही नुकतंच घर बांधलं होतं. वर्ध्याच्या बाजारात माझं कापडाचं दुकान होतं. दोन हजार साल उलटून गेलं होतं, आणि माझा मुलगा सात वर्षांचा होता. घराजवळच्या एका मैदानावर खेळाचे एक सर दर रविवारी सकाळी लहान मुलांना फुटबॉल शिकवायचे. पोरगं घरात नुसता धिंगाणा घालतं म्हणून बायकोनं त्याला तिथं धाडलं. मी पहिले काही महिने तिकडे फिरकलोही नाही.

मग त्या हिवाळ्यात पेपरात त्या मुलांचा फोटो छापून आला. मुलाचा अर्धा चेहरा आणि एक पाय दिसत होता. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकांनी ओळखलं, पोरगं नाव काढणार म्हणाले. मी फोटो कापून काउंटरच्या काचेखाली ठेवला, आणि त्या रविवारपासून मैदानावर जाऊ लागलो.

आधी भिंतीवर बसायचो. मग चुन्याच्या रेघेवर उभा राहू लागलो. मग रेघेबाजूनं त्याच्यासोबत धावू लागलो. फुटबॉलला मी उभ्या आयुष्यात पाय लावला नव्हता, पण तोंड सुरू असायचं. पास दे, मागं ये, झोपला का. सरांनी दोनदा नरमाईनं मला मागं सरकायला सांगितलं. तिथं असे आणखी चार-पाच बाप होते, त्यामुळं आपण काही वेगळं करतोय असं वाटायचं नाही. चेंडू जवळ आला की मुलगा आधी माझ्याकडं बघायचा. तो माझं ऐकतो, याचा मला अभिमान होता.

उन्हाळ्यात आठ वर्षांखालच्या मुलांचे सामने ठरले. मुलाला जानेवारीत आठ पूर्ण झाली होती. सर म्हणाले, हा पुढच्या वर्षी मोठ्या गटात खेळेल. मला ते सहन होईना. दुसऱ्या संघांत मोठी पोरं घुसवतात, हे मी ऐकून होतो. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना जन्माच्या दाखल्याची झेरॉक्स घेतली, सालातल्या शेवटच्या चारावर पांढरी शाई लावून पाच केला, आणि त्याची पुन्हा झेरॉक्स काढली. सरांना म्हणालो की आधी सांगण्यात चूक झाली होती. ते कागदाकडं बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तो फायलीत ठेवला.

बायकोला घरी कळलं. मी म्हटलं, पोरांचा खेळ आहे, एवढं काय मनावर घेते.

ती म्हणाली, "खेळच आहे, तं मंग हे काऊन करून राह्यले तुमी?"

मी उठून बाहेरच्या खोलीत गेलो. मुलाला जवळ बसवून पढवलं, "कोणी इचारलं तं सात सांगजो."

तो शहाणा पोरगा. त्यानं सगळं पाठ केलं. पण त्याला शंका यायच्या. दुसरीत आहे हे सांगायचं का? मी म्हटलं, पहिली सांग. मग पहिलीच्या बाईंचं नाव सांगायचं का? डबा खाताना मित्रांनी विचारलं तर काय? मी विचारच केला नव्हता अशा गोष्टी तो विचारायचा. त्याची नखं कुरतडून पार मुळापर्यंत गेली. रविवारी सकाळी पोट दुखतं म्हणायचा. मी ग्लुकोजचं पाणी पाजून स्कूटरवर बसवायचो.

एप्रिलमध्ये त्याला ताप भरला. डॉक्टरांनी औषध लिहिताना वय विचारलं, तर हा झटकन "सात" म्हणाला. बायको म्हणाली, आठ. त्यानं घाबरून माझ्याकडं पाहिलं. आईनं फोडलं, आता काय होणार, असं त्या नजरेत होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही.

सामने ऊन तापायच्या आत, सकाळी सहाला सुरू व्हायचे. आम्ही दोन जिंकलो. त्यातला एक गोल माझ्या मुलाचा होता, आणि मी दुपट्टा हवेत फिरवत नाचलो होतो. दुसऱ्या सामन्यानंतर हरलेल्या संघाच्या पालकांनी तक्रार केली. सामने भरवणारे एक वयस्क गृहस्थ होते, निवृत्त शिक्षक. त्यांनी आमच्या मुलांना एकेक करून मांडवात बोलावलं आणि आम्हा बापांना दोरीपलीकडं उभं केलं. मी दहा पावलांवर होतो.

वय? सात. वर्ग? पहिली. जन्मतारीख त्यानं सालासकट न अडखळता सांगितली. मला हायसं वाटलं. मग त्यांनी सहज विचारलं, "वाढदिवसाले काय आणलं होतं बाबानं?"

हे मी शिकवलं नव्हतं. आठव्या वाढदिवसाला आणलेले बूट त्याच्या पायातच होते. तो खाली बघत राहिला, बनियनचं टोक चुरगळत राहिला.

"ते बाबाले इचारा," तो म्हणाला. "मले नाई माहीत."

मी दोरीखालून आत गेलो आणि खरं काय ते सांगितलं. गृहस्थ रागावले नाहीत. माझा कागद घडी करून त्यांनी माझ्या हातात दिला आणि आमचा संघ बाद केला. बाकीच्या मुलांना आधी कळेना, मग एकेक रडू लागला. सर त्यांना पोहे खाऊ घालायला घेऊन गेले. त्यातल्या एकाची आई मागं थांबली होती.

"माह्या पोराचं काय चुकलं होतं, भाऊ?" तिनं विचारलं. ओरडून नाही, खरंच विचारलं.

स्कूटरवर मुलगा पुढं उभा होता. घराच्या वळणावर त्यानं मान वळवली.

"बाबा, आता मी किती वर्षाचा?"

"आठ."

"पक्कं?"

"पक्कं."

आठवडाभरानं मी सरांच्या घरी जाऊन माफी मागितली. मुलाला पाठवा, ते म्हणाले, तुम्ही येऊ नका. मुलगाच पावसाळाभर गेला नाही. बूट पलंगाखाली पडून होते. दिवाळीनंतर गल्लीतल्या पोरांबरोबर आपणहून जाऊ लागला, तोवर ते बूट त्याला लहान झाले होते.

तो बचावाला साधारणच खेळायचा, असं बायकोकडून कळायचं. तो घरी यायच्या वेळेला मी काहीतरी काम काढून अंगणात असायचो. चेहरा बघायचो, विचारायचो काही नाही.

तो दहावीत असताना एका शनिवारी जेवता जेवता म्हणाला, उद्या मॅच आहे, यायचं असेल तर या. मी गेलो, पार शेवटच्या झाडाजवळ उभा राहिलो. चेंडू त्याच्याकडं आला की हात खिशात घट्ट धरायचो. ते तीन गोलांनी हरले. तो पाणी पीत माझ्याजवळ आला आणि पूर्ण पाहिलं का म्हणाला. मी हो म्हटलं. कसा खेळलो ते त्यानं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.