दत्तक लेकराचा घास

गारखेड्यातल्या आमच्या चर्चमध्ये एका रविवारी एक अनोळखी धनगर आजी माझ्या शेजारी येऊन बसली. "देवानं आपल्याला दत्तक घेतलंय," असं पाळकसाहेब सांगत होते आणि आजी दर वाक्याला खणखणीत "व्हय" म्हणत होती.

मग प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत खायच्या भाकरीच्या तुकड्यांचं ताट फिरलं. तिनं हात पुढं करताच ताट फिरवणाऱ्या आमच्या कडक पंचांनी ते मागं घेतलं; बाप्तिस्मा झाल्याशिवाय तो तुकडा कुणाला मिळत नाही.

"बाप्तिस्मा झालाय?"

"नाय. आमच्यात लेकराला आधी खाऊ घालत्यात, मंग नाव-गाव पुसत्यात."

तिनं पिशवीतली चटणी-भाकर त्यांच्या मोकळ्या हातावर ठेवली. पंचांनी खाण्याआधीच्या सवयीनं डोळे मिटून प्रार्थना केली. डोळे उघडले, तोवर आजी ताटातला तुकडा चघळत होती.

माझेही डोळे मिटलेलेच होते, असं मी अजून सगळ्यांना सांगतो.