कुंतीच्या अंगातली देवी

मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सूयाकात मराठ्यांची घरं मोजकीच, पण गणपतीला झाकरीचा, म्हणजे गात गात नाचायचा, फेर असा धरत की किनाऱ्यावरचे कोळी जाळी तशीच टाकून बघायला येत. फेर पुरुषांचा, पण बाजूला बसलेल्या बायकांतून पहिला सूर लागायचा तो कुंतीचा. आवाज असा की उसात चुकलेलं वासरूसुद्धा तिच्या हाकेसरशी घरी यायचं. पण ही हकिगत तिच्या गाण्याची नाही, बाटलीची आहे.

एकोणीसशे साठच्या मोठ्या वादळात तिच्या घराचं छप्पर उडालं. उडालं ते उडालं, जाताना एक वासा तिच्या कमरेवर ठेवून गेलं. नवऱ्यानं, जयदेवानं, तिला बैलगाडीत घालून कोठीच्या, म्हणजे साखर कारखान्याच्या, दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं दुखण्यावर अफूचं तपकिरी औषध दिलं आणि झोपेसाठी पांढऱ्या गोळ्या. माणूस भला, औषधही भलं. दुखतंय तोवर घे म्हणाला. दुखणं थांबलं की नाही, हे विचारायला मात्र पुढं कुणी आलं नाही. डॉक्टर बदलले, कंपाउंडर बदलले, बाटली भरून मिळणं काही बदललं नाही.

वर्षं गेली. डाळ ढवळता ढवळता कुंतीचा डाव हातातच थांबायला लागला. गाणं तर आधीच गेलं होतं. जयदेव चारचौघांत म्हणायचा, आमच्या घरात दोन दिवे, एक रॉकेलवर चालतो, दुसरा बाटलीवर. लोक हसायचे. कुंतीही हसायची, सगळ्यांचं हसून झाल्यावर.

पुढं मुलाला, नवीनला, सरकारी नोकरी लागली. बायको केली चंद्रिका, क्वात्र बॉर्न शहरातल्या कारकुनाची मुलगी. वर्षा-दीड वर्षात नातू झाला. एका दुपारी कुंती त्याला मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला आणि पोर गडगडत खालच्या दगडावर गेलं. भुवई फुटली. जखम भरली, तिथं एक बारीक रेघ राहिली. चंद्रिकेनं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आई, बाळ आता तुमच्याकडे नको." महिना भरायच्या आत दोघांनी क्वात्र बॉर्नला बिऱ्हाड केलं.

नातू पुन्हा मांडीवर घ्यायचा, एवढी एकच गोष्ट कुंतीच्या मनात राहिली. गणपतीला नवस बोलून औषध सोडायचं तिनं ठरवलं. आता गणपतीसमोर सोडायचं म्हणजे थोडं थोडं कसं सोडणार? देवाला दिलं ते सगळं दिलं, ही या घरांची रीत. विसर्जनाला नदीच्या मुखाशी मूर्ती पाण्यात गेली, तिच्यामागोमाग कुंतीनं बाटली सोडली, गोळ्याही सोडल्या. झाकरीवाल्यांनी जयघोष केला. जयदेवानं कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोक्यावर छत्री धरली.

दोन-तीन दिवसांत तिला दरदरून घाम सुटला, पोटात पिळे पडले, हाडांतून मुंग्या चालल्यासारखं झालं. झोप तर उडूनच गेली. मग एका सकाळी ओसरीवर तिचे डोळे फिरले, दातखीळ बसली आणि सगळं अंग थडथडायला लागलं. शेजारपाजार जमला. कुणीतरी म्हणालं, देवी आली. हिशोब सोपा होता: बाईनं नवस पाळला, देवी अंगात आली. हळदकुंकू आलं, नारळ आला, कापूर पेटला. एकीनं हरवलेली शेळी विचारली, दुसरीनं पोराची परीक्षा. जयदेवानंसुद्धा हात जोडून विचारून घेतलं की यंदा शेतावर मुकादमी मिळेल का. कुंतीच्या तोंडातून कुंकवावर फेस ओघळत होता, आणि देवी प्रसन्न दिसते, असं एक म्हातारी सांगत होती.

तेवढ्यात दुधाची किटली घेऊन कृष्णदेव गवळी लंगडत आला. पाय मोडल्यापासून तोही त्याच बाटलीवर अनेक वर्षं काढून उठलेला. त्यानं किटली खाली ठेवली.

"ही देवी माझ्याही अंगात आली होती," तो म्हणाला. "गाडी जोडा."

"देवीला दवाखान्यात न्यायचं?" जयदेव म्हणाला.

"देवी असली तर वाटेत उतरेल. नसली तर वहिनी जगेल."

दवाखान्यात नवा डॉक्टर होता. असं एकदम सोडलं तर माणूस जातो, म्हणाला. पुन्हा सुरू करा आणि हळूहळू उतरवा. म्हणजे नदीत सोडलेलं पुन्हा घरात आलं. मग ज्यांनी जयघोष केला होता त्यांनीच तोंडं वाकडी केली. गणपतीला दिलेलं हिनं परत घेतलं, असं बुतिकमध्ये, वाण्याच्या दुकानात, मीठ-तेल घेता घेता कुंतीला ऐकू जाईल असं बोललं जायचं. शेळी विचारलेली कुणाला आठवत नव्हती.

धार काढून झाली की कृष्णदेवाच्या गोठ्यातल्या कट्ट्यावर सकाळी तिघं बसायची: तो, कुंती आणि शिवणकाम करणारी बसंती. बसंतीचा नवरा समुद्रात गेला तेव्हापासून ती गोळ्यांवर होती. मन घट्ट कर, असं तिथं कुणी कुणाला म्हणायचं नाही. बाकी सगळं बोलायची मुभा. कृष्णदेव म्हणायचा, "जन्मभर दुधात पाणी घातलं म्हणून शिव्या खाल्ल्या. शेवटी तीच विद्या कामाला आली." डॉक्टरला विचारून बाटलीतल्या औषधात पाणी वाढवत न्यायचं, सोसेना झालं की तिथंच थांबायचं, सोसलं की पुढं जायचं. गोळ्यांचे तुकडे सुपारीच्या अडकित्त्यानं करायचे. कुंतीला बसवेना तेव्हा बसंती तिची कंबर दाबायची. बसंती रडायला लागली की कुंती तिची वेणी सोडून पुन्हा घालायची.

बसंती टिकली नाही. नवऱ्याच्या श्राद्धाच्या दिवशी पुन्हा अख्ख्या गोळीवर गेली आणि लाजेनं यायची बंद झाली. कृष्णदेवानं दुधाबरोबर निरोप धाडला, कट्ट्यावर तुझी जागा रिकामी आहे. ती आली, पुडी कनवटीला लावूनच आली. कुंतीनं तिची वेणी सोडायला घेतली.

वर्ष फिरत आलं तसं कुंतीच्या बाटलीत नुसतं पाणी उरलं. गोळीही सुटली. बाटलीत तिनं रॉकेल भरून ठेवलं. जयदेवानं ते बघितलं, पण दिव्याचा विनोद पुन्हा काही केला नाही. कंबर आता उघडपणे दुखायला लागली. वादळाच्या वेळचं दुखणं, कुणीतरी इतकी वर्षं बाजूला सारून ठेवलेलं, जसंच्या तसं परत आलं. गळाही परतला, घोगरा.

गणपतीला नवीन-चंद्रिका बसनं आली. तू होऊन बाळ मागू नको, सुनेला देऊ दे, असं कृष्णदेवानं कुंतीला सकाळीच सांगून ठेवलं होतं. चंद्रिकेनं आल्या आल्या सासूच्या डोळ्यांत नीट बघून घेतलं, बाजारात मासळीचा डोळा बघतात तसं. मग दुपारी, आपण होऊन, शेजारी बसली आणि पोर सासूच्या मांडीवर ठेवलं. पोर आता बोलत होतं. त्यानं वर बघून आईला क्रेओल बोलीत विचारलं, ही कोण. आजी, चंद्रिका म्हणाली. भुवईवरची रेघ अजून तिथंच होती.

कुंतीनं त्याच्या पाठीमागून हात घातला. पोराच्या मांडीखाली तिला आणखी एक हात लागला. चंद्रिकेचा.

बाहेर मृदंगावर थाप पडली. पहिला सूर लावायला कुंतीला बोलावणं आलं, दोनदा आलं. ती उठली नाही. हात तिथंच होता.

"बाई, हात अवघडेल तुझा," कुंती हळूच म्हणाली.

"राहू दे, आई," चंद्रिका म्हणाली. "सवय झालीय."

सवय म्हणजे काय, हे कुंतीला कुणी सांगायला नको होतं. तिनं तो हात तसाच राहू दिला. बाहेर पहिला सूर दुसऱ्याच बाईनं लावला.