कँटीनमध्ये एकच ताट

मी कोंबडी खाणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या कंपनीतलं दर बुधवारचं चिकन माझ्यामुळे बंद झालं आणि तेव्हापासून निम्म्या लोकांना वाटतं की मी माळ घातली. तसं काही नाही. परभणीकडच्या आमच्या गावात आईच्या कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरत फिरायच्या, संध्याकाळी लिंबाच्या फांदीवर चढून बसायच्या, आणि पाहुणा आला की त्यांतली एक आम्ही बोटं चाटत खायचो. लग्नानंतर पिंपरीजवळ काळेवाडीत आले. नवऱ्याची रिक्षा, माझी चाकणची नोकरी, दोन मुली. बाकी सगळं बदललं, खाणं तेच राहिलं.

कंपनीत मी वायरिंगच्या लाइनवर आहे. गाडीच्या आत ज्या रंगीबेरंगी वायरी असतात, त्यांचे जुडगे आम्ही बोर्डावर बांधतो. लाइनवर बहुतेक बायाच. त्यांत पर्मनंट थोड्या आणि कॉन्ट्रॅक्टवाल्या जास्त. मीही बरीच वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढली. पर्मनंट झाले तशी बायांनी मला कँटीन कमिटीवर उभं केलं. या कमिटीवर जायला कुणी तयार नसतं, कारण भाजीत मीठ कमी पडलं तरी लोक ताट घेऊन तुमच्याच टेबलापाशी येतात. मला का निवडलं विचाराल, तर माझा आवाज मोठा आहे.

मी कमिटीत गेल्यावर कँटीनचा ठेकेदार म्हणाला, "ताई, आमचं चिकन कुठून येतं ते एकदा बघून घ्या. एकदम स्वच्छ काम." माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच दाखवायचं होतं. आम्ही कमिटीचे सगळे त्याच्या गाडीतून गेलो.

शेड लांबलचक होती. आत पाऊल टाकताच डोळे चुरचुरायला लागले. जिकडे बघावं तिकडे पांढरं, एकाला एक चिकटून. आवाज मात्र फारसा नव्हता, आणि मला तेच विचित्र वाटलं. आईच्या चार कोंबड्या होत्या तरी अंगण डोक्यावर घ्यायच्या. माझ्या पायाशी एक पक्षी उठायला बघत होता. छाती इतकी जड झालेली की पाय दोन्हीकडे फाकायचे आणि तो परत बसायचा. पुन्हा उठायचा, पुन्हा बसायचा. तिथला राखणदार सहज म्हणाला, "त्याचं असंच होतं. महिना-दीड महिन्यात गाडीत चढतात, तोवर कसंबसं निभतं."

पुढच्या बुधवारी चिकनचं ताट समोर आलं आणि माझा हात पुढे जाईना. शेजारच्या बोर्डावर काम करणारी माझी मैत्रीण समोर बसली होती. ती हिंगोलीकडची, कॉन्ट्रॅक्टवर.

"काय झालं माय? खाईनास का?"

मी तिला शेडमधलं सगळं सांगितलं.

"मग, मारतेत म्हणून वाईट वाटायलं का तुला?"

"मारतात म्हणून नाही गं. आपण गावाकडं मारतोच की. पण त्याआधी त्याला एक दिवस तरी कोंबडीसारखं जगू द्यावं ना."

तिनं माझ्या ताटातले तुकडे आपल्या ताटात घेतले. "मला तर आठवड्यातून एकदा हेच मिळतंय," ती म्हणाली आणि खाऊ लागली. मला तिचा राग आला नाही. तिचं खरंच होतं.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी नाशिक हायवेला गाड्या तुंबल्या आणि आमची बस गेटवर आलीच नाही. मी पाय मोकळे करायला कंपनीच्या भिंतीच्या कडेनं चालत मागच्या बाजूला गेले. तिथं एक म्हातारी बाई आणि तिचा नवरा टेंपोत क्रेट चढवत होते. मेथी, पालक, मुळा, कोवळी भेंडी. इतकी वर्षं या भिंतीच्या आत मी काम करते, पण भिंतीला लागून शेत आहे हे मला माहीत नव्हतं.

"मावशी, मंडईला चालला का माल?" मी विचारलं.

"न्हाई. पिंपळे सौदागरला, सोसायट्यांमधी. बिनऔषधाचं हाय, तिथली लोकं सांगून ठिवत्यात."

"औषध का नाही मारत?"

तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं. "ह्ये कांद्यावर फवारा मारताना जाग्यावर पडले. तोंडाला फेस. दवाखान्यातनं कसंबसं घरी आणलं. तवापासनं पंप घरात ठिवला न्हाई मी. जे माझ्या माणसाला चालत न्हाई, ते दुसऱ्याच्या पोरांला कसं खायला घालू? सुरवातीला निम्मं पीक आळीनं खाल्लं. गाव हसलं आमाला."

मी मेथीची एक जुडी मागितली. तिनं भाव सांगितला आणि मी जुडी उलटसुलट करून बघू लागले. काळेवाडीत त्या पैशांत दोन जुड्या येतात.

"म्हाग वाटली न्हवं?"

"हो मावशी."

"वाटणारच. पर औषध न्हाई म्हणल्यावर हातानं खुरपावं लागतं. दिसभर बाया लावती मी. त्यांची मजुरी कापून तुला सस्तं देऊ का?"

मी जुडी घेतली. घरी केली तेव्हा धाकटीनं कढईच पुसून खाल्ली, ती पोरगी जिला पालेभाजी म्हटलं की पोटात दुखतं.

सौदागरच्या लोकांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी जास्तीचे पैसे मोजले म्हणून मावशींचं शेत टिकलं. पण बसमध्ये बसल्यावर मला राहून राहून वाटायचं की भिंतीच्या एका बाजूला ही भाजी पिकते, दुसऱ्या बाजूला आम्ही एवढी माणसं जेवतो, आणि भाजी मात्र आमच्या डोक्यावरून पुढं निघून जाते. चांगलं अन्न महाग असतं हे मान्य. पण मग ते फक्त महाग घरांतच जायचं का?

मी कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. पालेभाज्या आणि मोसमातल्या भाज्या मावशींकडून आणि त्यांच्यासारख्या आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडून घ्यायच्या. आमचे एचआरचे साहेब तरुण आणि सरळ माणूस. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. ठेकेदाराला बसवून हिशेब काढला आणि पुढच्या मीटिंगला उत्तर घेऊन आले.

"कंपनी सबसिडी वाढवणार नाही, पण मी मार्ग काढलाय. वेगळं काउंटर करू. पर्मनंट लोकांच्या पगारातून थोडे जास्त कापायचे, त्यांना ऑरगॅनिक ताट."

कमिटीतले बाकीचे खूश झाले. "झालं की ताईंचं काम," एक जण म्हणाला.

मी विचारलं, "आणि कॉन्ट्रॅक्टवाले?"

"त्यांना नेहमीचं ताट आहेच की."

ते कसं दिसेल ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी आणि माझी हिंगोलीची मैत्रीण एकाच बाकावर, माझ्या ताटात मावशींची मेथी आणि तिच्या ताटात दुसरंच काही. मी म्हणाले, "साहेब, गावातल्या हॉटेलात माझ्या आजोबांचा कप वेगळा असायचा. बाहेर खिळ्याला टांगलेला. चहा पिऊन झाला की स्वतः विसळून परत टांगायचा. मी या कंपनीत वेगळं ताट लावू देणार नाही. सगळ्यांना द्या, नाहीतर कुणालाच नको."

माझा आवाज नेहमी मोठा असतो म्हणाले ना, पण त्या दिवशी मी हळूच बोलले होते. हिशेबाचा कागद बाजूला सारत साहेब म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण मग पैसे आणायचे कुठून?"

"बुधवारातून," मी म्हणाले.

आठवड्यात सगळ्यात महाग ताट बुधवारचं. ते दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा करायचं. त्या एका दिवशी मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या घ्यायच्या, मावशींच्या गावातल्या बचत गटाच्या बाया पाळतात त्या. बाकीच्या बुधवारी मटकीची उसळ, शेंगदाण्याची आमटी, असं काहीतरी झणझणीत. जे वाचेल त्यातून सगळ्यांची भाजी.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "ताई, लोक मला गेटवर अडवतील. मतदान घ्या. लोक हो म्हणाले तर मी सही करतो."

मतदानात कॉन्ट्रॅक्टवाल्यांचे हातही मोजायचे, एवढी एक गोष्ट मी त्यांच्याकडून कबूल करून घेतली.

पहिल्या शिफ्टला जेवणाच्या सुट्टीत मी उभी राहिले. शेडमध्ये पाहिलं ते सांगितलं, मावशींच्या नवऱ्याचं सांगितलं. मागून प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रा दाबायच्या खात्यातला, एक गडी ओरडला, "ओ ताई, आठवड्यात एकदा चिकन मिळतं, तेपण बघवत नाही का राव तुम्हाला? आमच्या घरी काय रोज कोंबडी शिजते का?" टाळ्या पडल्या. मी तिथंच अडखळले, कारण तो खोटं बोलत नव्हता. ज्याला रोज मिळतं त्यानं कमी करावं हे ठीक आहे, पण ज्याला एकदाच मिळतं त्याला मी कोणत्या तोंडानं सांगू?

तेवढ्यात माझी मैत्रीण उठली. ती कधी चारचौघांत बोललेली नाही. दोन्ही हात टेबलावर टेकवून ती म्हणाली, "मी भाड्याच्या एका खोलीत राहते. घरी चिकन होत नाही, इथलंच खाते. ह्या बाईच्या ताटातलं बी मीच खाल्लं. मला बुधवार जायचं दुःख तुमच्यापेक्षा जास्त हाय. पण साहेब पर्मनंटवाल्यांना चांगली भाजी देऊन मोकळे होणार होते, आणि आमच्यासाठी हिनं तिचं ताट सोडलं. मग मला बी काहीतरी सोडता येतंय का नाही? रोज चांगलं खायला भेटत असंल तर मी हात वर करायले." आणि तिनं हात वर केला.

तिच्या टेबलावरचे हात वर गेले, मग शेजारच्या, मग सगळ्या वायरिंग लाइनचे. दुसऱ्या शिफ्टला पुरुष जास्त, तिथं आम्ही सपशेल पडलो. पण दोन्ही शिफ्ट मिळून थोडक्यात जिंकलो. साहेबांनी लाइनवर येऊन सांगितलं तेव्हा माझ्या हातात अर्धवट बांधलेला जुडगा होता. मी तो पूर्ण केला, मगच हसले.

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. पहिल्या महिन्यातलं गावरान चिकन चामड्यासारखं झालं, कारण आचाऱ्याला ब्रॉयलरची सवय, त्यानं तेवढ्याच वेळात उतरवलं. सगळं कँटीन माझ्याकडे बघत चावत होतं. पावसानं पालेभाजी सडली तेव्हा बरेच दिवस भोपळाच आला, आणि लोकांनी माझं नाव भोपळाताई ठेवलं. आजही काही जण तेच म्हणतात. कांदे-बटाटे अजून मंडईतलेच येतात, तेवढं जमवता आलं नाही.

दुसऱ्या महिन्यात मी सुट्टी टाकून सकाळीच कँटीनच्या स्वयंपाकघरात गेले. आचाऱ्याला म्हटलं, "दादा, आज माझ्या आईच्या पद्धतीनं करू." खोबरं, कांदा भाजून वाटण, आच मंद, आणि भरपूर वेळ. रश्श्याचा वास प्रेस शॉपपर्यंत गेला असावा, कारण घंटा व्हायच्या आधीच रांग लागली होती. ओरडणारा तो गडी ताट घेऊन माझ्यापुढं आला. मला वाटलं आता हा भांडणार. "ताई," तो म्हणाला, "रस्सा अजून आहे का?" मी स्वतःच्या हातानं त्याला दोन पळ्या वाढल्या.

पगारवाढीच्या करारात माझं नाव नाही, युनियनच्या फोटोत मी कडेला आहे. पण दुपारी त्या हॉलमध्ये उभं राहून एकसारखी ताटं बघते, पर्मनंटचं कोणतं आणि कॉन्ट्रॅक्टचं कोणतं हे ओळखू येत नाही, तेव्हा माझी छाती फुगते. त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

यंदा कमिटीची निवड झाली. आम्ही हट्ट धरून एक जागा कॉन्ट्रॅक्टवाल्यांसाठी मिळवली आणि तिथं माझी मैत्रीण निवडून आली. पहिल्याच मीटिंगला ती नवी साडी नेसून आली आणि चहा यायच्या आत म्हणाली, "साहेब, नाश्त्याची अंडी कुठून येतेत? त्या कोंबड्या बी पिंजऱ्यातच असतेत म्हणं. आपण जाऊन बघू."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" मी म्हणाले. "मेंबर त्या आहेत. त्यांना उत्तर द्या."