तपासून घेतलेली बिस्किटं

माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांइतकं ठामपणे ‘नको’ म्हणणारा माणूस शिकागोजवळच्या आमच्या अख्ख्या नेपरव्हिलमध्ये शोधून सापडणार नाही. आमच्याकडे गारपीट झाली की दुसऱ्या दिवशी छप्पर बदलून देणारे विक्रेते दारोदार फिरतात. त्यातला एक आमच्याकडे कॉफी पिऊन जाताना माझ्या नवऱ्याची सही घेऊन गेला. समोरच्या घरात मैत्रिणीच्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या काकांनी, त्याला शिडी लावून वर चढायला लावलं, नेमकं काय फुटलंय ते बोटाने दाखवायला लावलं आणि तो धापा टाकत खाली उतरल्यावर ‘नो, थँक यू’ म्हणून दार लावून घेतलं. डासांची फवारणी करणारे, गवताला खत घालणारे, स्वर्गात जागा राखून देणारे, सगळे त्या दारातून रिकाम्या हाती परत गेले आहेत.

काका नागपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं माल तपासणारे इन्स्पेक्टर होते. त्यांच्या सहीशिवाय फाटकावर ट्रक रिकामा होत नसे. नोकरी संपली, काकू गेल्या, मुलाने इकडे आणलं, तरी ते अजून त्या फाटकावरच उभे आहेत. दुकानात ते अंड्यांचा खोका उघडून बाराच्या बारा अंडी उचलून बघतात. दूध घेताना खांद्यापर्यंत हात आत घालून मागच्या ओळीतला डबा काढतात. माझ्या लेकीच्या वाढदिवसाचा केक मी घरी केला होता. सगळे ‘यम्मी’ म्हणत होते, तेवढ्यात काकांनी आपला तुकडा उलटा करून पाहिला. ‘‘तळ लागलाय. बाकी ठीक.’’ मी मनाला लावून घेतलं नाही, कारण तळ खरोखरच लागला होता.

तर असा हा माणूस जानेवारीत साफ कोसळतो. त्या दिवसांत अंगावर बिल्ले लावलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुली आपल्या पथकासाठी निधी जमवायला कुकीज विकत फिरतात. थंडीने नाक लाल, मागे आई गाडी चालू ठेवून बसलेली. मुलगी बेल वाजवते आणि पाठ केलेलं वाक्य एका श्वासात म्हणून टाकते. आमच्यासारखे लोक एक डबा घेऊन मोकळे होतात. काका तिला मुलाखतीलाच उभं करतात.

‘‘व्हॉट इज द शेल्फ लाइफ?’’

‘‘आय डोन्ट नो. वी जस्ट ईट देम.’’

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. काका थोडा वेळ गंभीरपणे विचार करत उभे राहिले आणि मग त्यांनी चार डबे घेतले. दुसरी आली, तिच्याकडून तीन. तिसरीला म्हणाले, माझ्याकडे हे सगळे प्रकार आहेत. आणि तिच्याकडूनही दोन घेतले.

मला याचं कुतूहल वाटायचं. मुलांची आवड म्हणावी, तर हॅलोविनला ते वेषभूषा तपासून प्रत्येकाला एकच चॉकलेट देतात. बिस्किटांची आवड म्हणावी, तर पुदिन्याचं चॉकलेटवालं बिस्कीट त्यांच्या मते टूथपेस्ट फासलेला पुठ्ठा. शेवटी एकदा मी सरळ विचारलं, ‘‘काका, या पोरींना तुम्हाला ‘नको’ का म्हणता येत नाही?’’

‘‘इकडे आल्यावर पहिली जी मुलगी दारात आली, तिला मी विचारलं, यातलं चांगलं कुठलं? ती म्हणाली, हे लिंबाचं घेऊ नका, मला नाही आवडत. तीस वर्षं फाटकावर होतो. स्वतःच्या मालाला वाईट म्हणणारा एक माणूस नाही भेटला, बघ.’’

यंदा मात्र प्रकरण साधं नव्हतं. काकांचा उजवा गुडघा संपला आहे. मार्चमध्ये तो बदलायचा आणि उन्हाळ्यात नागपूरला जायचं असं ठरलं होतं. तिथे त्यांची थोरली बहीण आहे, शहाऐंशी वर्षांची. या गुडघ्यापायी चार वर्षं त्यांना विमानात बसता आलेलं नाही आणि बहिणीला आता कुठे जाता येत नाही. डॉक्टरांची अट एकच, रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर ठरलेल्या आकड्याच्या खाली आली पाहिजे. नाहीतर ऑपरेशन नाही. म्हणून माझी मैत्रीण अनघा हिने घरातला गूळसुद्धा हलवला आणि मला म्हणाली, ‘‘तू घरून काम करतेस ना? प्लीज, दुपारी जरा दारावर लक्ष ठेव ना, यार.’’ मी ठेवलं. दोन मुलींना तर मी वाटेतच गाठून त्यांचे डबे स्वतः घेतले. पण मलाही मीटिंग असतात. एका दुपारी स्क्रीनवरून मान वर केली, तर काका वॉकर धरून दारात उभे आणि समोर गुलाबी टोपी. मी धावत पोचेपर्यंत दार बंद झालं होतं.

‘‘काका, काही घेतलंत का?’’

‘‘चौकशी केली.’’

मी घरभर नजर फिरवली, काही दिसलं नाही. आपल्या लोकांच्या घरात डिशवॉशर ही भांडी धुवायची वस्तू नसते. अनघाकडे त्यात मोठी पातेली असतात, जी गणपतीला बाहेर निघतात आणि विसर्जनानंतर परत आत जातात. आठ वर्षांत त्या यंत्राला पाणी लागलेलं नव्हतं. त्यापेक्षा सुरक्षित जागा काकांना शोधूनही मिळाली नसती. पण फेब्रुवारीत त्यांची नात ॲन आर्बरच्या कॉलेजातून दोन दिवसांसाठी घरी आली. ती इथेच जन्मलेली. पास्ता करून झाल्यावर तिने पुढची पातेली जरा सरकवली, आपली भांडी रचली, साबण घातला आणि बटण दाबलं.

मी तेव्हा तिथेच चहा घेत होते. अर्ध्या तासाने स्वयंपाकघरात पुदिन्याचा वास सुटला. मग डिशवॉशरच्या दाराच्या फटीतून तपकिरी फेस बाहेर आला.

‘‘आजोबा,’’ नात म्हणाली, ‘‘व्हाय इज द डिशवॉशर मेकिंग हॉट चॉकलेट?’’

आतून सात डब्यांचा लगदा निघाला. अनघा खुर्चीत मटकन बसली. ‘‘बाबा, किती खाल्लीत?’’

‘‘खाल्ली नाहीत. नमुना घेतला. प्रत्येक डब्यातून एक.’’

‘‘एकदाच?’’

काका सरळ माणूस. ‘‘रोज. माल टिकतो की नाही हे एका दिवसात कळत नाही.’’

नात हसत सुटली. मलाही हसू आलं आणि मी ते आवरलं नाही. अनघा मात्र हसली नाही, कारण पुढच्या मंगळवारी रक्त द्यायचं होतं. साखर आकड्याच्या वर निघाली. फार नाही, पण वर ती वरच. काकांनी चष्मा लावून रिपोर्ट दोनदा वाचला. कुठे चूक सापडते का हे ते शोधत होते. सापडली नाही, तेव्हा म्हणाले, ‘‘नापास.’’ नागपूरचा फोन त्यांनी स्वतः लावला. पलीकडून म्हातारीचा खणखणीत आवाज आला, ‘‘काय रे बाप्पा, बिस्किटापायी राहिलास?’’ आणि मग, जरा थांबून, ‘‘राहू दे. मी हाओ इथंच. कुठं जातो मी?’’

ऑपरेशन आता जूनवर गेलं आहे. जमलं तर दिवाळीला जाता येईल. मी त्यांना धीर वगैरे दिला नाही, फिरवायला नेलं. घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वॉकर धरून, वीस फेऱ्या. त्यांनीही कुरकुर केली नाही.

मार्चच्या शेवटी एका दुपारी मी त्यांना जेवणाचा डबा द्यायला गेले होते. ते पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. बेल वाजली. उरलेले डबे विकायला एक मुलगी आली होती. मी उठले तेवढ्यात मागून आवाज आला, ‘‘नको म्हणून सांग.’’

मी सांगितलं. मुलगी ‘ओके, हॅव अ नाइस डे’ म्हणून वळली. मी परत आले, तर काका काचेला कपाळ टेकवून तिच्याकडे बघत होते. ती बर्फातून, हातातला खोका सांभाळत, पलीकडच्या घराकडे निघाली होती. 

‘‘डाव्या बुटाची लेस सुटली होती,’’ मग म्हणाले. ‘‘मी दारात असतो, तर सांगितलं असतं.’’