कुठीसर आणि तेलकट भुसा

आमच्या सरांसमोर "गर्दी फार आहे" असं म्हणायची सोय नव्हती. लगेच विचारायचे, "कुठी?" राजापेठेत म्हटलं, तर "राजापेठेत कुठी? चौकात का क्लासच्या दारात?" अमरावतीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांना सगळे कुठीसर म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी "कुठीसर आले" असं कुजबुजलं, तर यांनी दारातच थांबून गंभीरपणे विचारलं, "कुठी?"

एम.टेक.ला मी त्यांच्या हाताखाली पडले. विषय असा की, हवेच्या झोतानं नळीतून जाणारे कण नेमके कुठे दाटतात ते मोजायचं. सरासरी या शब्दावर सरांचा रागच होता. "नळीत इतका माल हाये म्हन्तात. अवं, पन मधात किती अन् काठाले किती?" त्यासाठी आमच्याकडे पेन्सिलीएवढी एक सळई होती, तिच्या टोकाशी काचेचे बारीक तंतू. काही तंतू प्रकाश टाकत, काही कणांवरून परतलेला प्रकाश घेऊन येत. कण जास्त, तर प्रकाश जास्त. एवढं मला समजलं; बाकी दोन वर्षं मी गोंधळलेलीच होते. सरांना त्याचं काही वाटत नसे. फळ्यासमोर उभे राहून ते स्वतःच म्हणत, "मलेबी नाही समजून राहिलं," आणि खडू ठेवून चहाला जात. गाइडच्या तोंडून हे ऐकून धीर यायचा की धसका बसायचा, कोण जाणे.

अकोल्याच्या रहीमशेठच्या डाळमिलमध्ये तुरीचा भुसा हवेनं मागच्या आवारात नेणारा एक पाइप होता आणि तो सारखा तुंबायचा. "प्रोफेसरसाब, तुमच्या त्या सुईनं पाहा ना एकदा," शेठ म्हणाले. सर खूश झाले. आधी तिथलाच पोतंभर भुसा आणून त्यावर सळई पारखून घेतली, म्हणजे किती भुशाला किती प्रकाश परततो ते ठरवलं. पण सरांना स्वच्छतेचा भारी सोस. भुसा त्यांनी आधी साबणाच्या पाण्यानं धुतला, कॉलेजच्या गच्चीवर वाळवला, चाळला. "माल साफ पाह्यजे," असं म्हणत स्वतः उन्हात उभे.

मिलमध्ये सकाळी आलेख इतका देखणा आला की मला हसू आवरेना. मधे भुसा विरळ, काठाला दाट. दुपारी तोच पाइप, तीच गती, आणि भुसा दुप्पट! शेवटी मी सळई काढून ओढणीनं पुसली, तर ओढणीला पिवळट डाग. तुरीची सालं सुटावीत म्हणून मिलमध्ये तिला तेलाचा हात लावतात. त्या तेलानं सळईच्या टोकावर भुसा चिकटून बसला होता आणि आम्ही तोच मोजत होतो. भुसा धुताना नेमकं ते तेलच आम्ही घालवलं होतं.

प्रबंध त्याच महिन्यात द्यायचा होता. बडनेऱ्याकडच्या एका कॉलेजात कायम जागा निघाली होती आणि ती एम.टेक. पूर्ण झाल्याशिवाय मिळणार नव्हती. मी म्हटलं, "सर, सकाळचे आकडे देऊ."

"काहून? आवडले म्हनून?"

"सकाळी टोक स्वच्छ होतं ना."

"कवापर्यंत स्वच्छ होतं? तुले मालूम हाये? मले तं नाही. भुसा म्या धुतला पोरी, चूक माही हाये. पन मी सही नाही करनार."

जागा दुसऱ्याला मिळाली. मी सरांशी बोलणं टाकलं. ते मात्र दर रविवारी सकाळी अकोल्याच्या गाडीला स्टेशनवर हजर, डब्यात माझ्यासाठीही पोळीभाजी. मी रागानंच गाडीत बसायचे. सळईच्या टोकावर हवेची बारीक फुंकर सोडून ते साफ ठेवायची युक्ती आम्हाला सापडली, पुढच्या सत्रात प्रबंध झाला, रहीमशेठनी पाइपचं वळण बदललं. कायम जागा पुन्हा काही निघाली नाही. मी अजून तासिका तत्त्वावर शिकवते, आणि विद्यार्थ्यांना खोटा आकडा लिहू देत नाही.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, माझा हात धरून जवळ बसवलं. म्हणाल्या, "तुह्या नोकरीचं त्यायच्या जिवाले लागून होतं. त्या पोरीचं म्या बरं केलं का वाईट, मले समजून नाही राहिलं, असं म्हनत. बरंच केलं ना बाई त्यायनं?"

मला सरांची फार माया आली, आणि त्याच वेळी ती जागाही आठवली. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"हो काकू, बरंच केलं," मी म्हटलं. सर समोर असते, तर खात्री नसताना हे उत्तर त्यांनी मला देऊ दिलं नसतं.