पडायचं उरकलं

भिंगरीचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत होतं. बर्फावर पहिल्याच दिवशी ती स्वतःभोवती गरगर फिरून धपकन बसली आणि उठून पुन्हा फिरली, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी तिला भिंगरी म्हटलं. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आई औषधांच्या दुकानात कामाला होती. पहाटे लेकीला रिंकवर सोडायची आणि तिथूनच कामावर पळायची.

फिगर स्केटिंग बघायला फार देखणं असतं. मांड्यांवरचे काळेनिळे डाग कुणाला दिसत नाहीत, कारण पोशाख शिवणारे हुशार असतात. भिंगरी मात्र ते डाग मैत्रिणींना कौतुकाने दाखवायची. लहान गटात तिने पदकं आणली आणि मोठ्या गटात गेल्या गेल्या देशाच्या संघात निवडली गेली.

मग सरावात तिहेरी उडीवरून, म्हणजे हवेत तीन गिरक्या घेऊन, उतरताना घोटा मोडला. हाड जुळून आलं, पण भीती काही प्लास्टरबरोबर निघाली नाही. सरावात उडी झकास यायची. स्पर्धेत लोक बघायला लागले की पाय जागच्या जागी खिळायचे. दोनदा तिने आयत्या वेळी माघार घेतली. शेवटी निवड समितीने गोड शब्दांत कळवलं की या खेपेला नाच पूर्ण झाला नाही, तर संघात जागा नाही. भिंगरीला जागेचं एवढं नव्हतं.

"सोडायचं असेल तर सोडेन मी," ती आईला म्हणाली, "पण असं घाबरून नाही गं. आयुष्यभर खुपेल मला."

आता एक सांगायला हवं. बर्फाबाहेर चालताना बुटांची पाती बोथट होऊ नयेत म्हणून त्यांवर प्लास्टिकची कव्हरं घालतात. बर्फावर उतरण्याआधी ती काढून बाईंच्या हातात द्यायची. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की शेंबडं पोरही चुकत नाही. स्पर्धेच्या दिवशी बाईंनी हात पुढे केला आणि भिंगरीने त्यात पाण्याची बाटली ठेवली. दोघींची अशी गाळण उडालेली की दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. नाव पुकारलं गेलं, टाळ्या पडल्या. भिंगरीने मान ताठ करून, ठेवणीतलं हसू आणून बर्फावर पाय टाकला आणि भरल्या स्टेडियमसमोर सपशेल उताणी पडली.

एक परीक्षक अर्धवट उठून उभे राहिले. बाईंनी कपाळाला हात लावला, बाटलीसकट.

भिंगरीने पडल्या पडल्या पायांकडे पाहिलं. पिवळीधमक कव्हरं पात्यांवर तशीच होती. आधी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग पोटातून हसू फुटलं आणि ते आवरेना. ज्या गोष्टीच्या धसक्याने महिनोन् महिने झोप उडाली होती, ती संगीत सुरू व्हायच्या आधीच होऊन गेली होती, तीही उडी न मारता. प्रेक्षकही हसले, पण त्यात खवचटपणा नव्हता. तिने बसल्या बसल्या कव्हरं काढून कठड्याकडे सरकवली.

"बाई, पडायचं उरकलं," ती म्हणाली. "आता नाचते."

आणि नाचली. तिहेरी उडीवरून उतरताना एक हात बर्फाला टेकला, तेवढे गुण गेले. बाकी सगळं निभावलं. सहावी आली. "कार्टे, जीव घेतलास माझा," म्हणत बाई तिला मिठी मारून रडल्या. भिंगरीला मात्र नुसतं हलकं हलकं वाटत होतं.

त्यानंतर ती बरीच वर्षं खेळली. पदकं थोडी मिळाली, पडणं भरपूर झालं, माघार मात्र कधी घेतली नाही. मग एका स्पर्धेत छान खेळून ती घरी आली आणि दारातच बॅग टेकवून म्हणाली, "आई, आता बास."

"पाय दुखतोय का?"

"नाही."

"मग? पुन्हा भीती बसली?"

"नाही गं. मन भरलं माझं."

आई खुर्चीत बसली. म्हणाली, "बरं झालं बाई. तुझी उडी मी आजवर एकदाही पाहिली नाही. स्पर्धेला आले तरी दर वेळी डोळे गच्च मिटून घ्यायचे."

भिंगरी म्हणाली, "मग उद्या चल रिंकवर. एक मारते तुझ्यासाठी. पण डोळे उघडे ठेवायचे."

आईने विचार केला.

"दुहेरीच मार," ती म्हणाली.