शेजारच्या आजींची सोबत

अमेरिकेत मॉरिसव्हिलला आमच्या शेजारी राहणाऱ्या चिनी आजी स्वयंपाकघरात पडल्या, तेव्हा त्यांच्या मुलाने त्यांचं नाव चिनी वृद्धांच्या डे-केअरमध्ये घातलं. आजी जाईनात. दिवसभर घरी एकटं राहणं आता शक्य नव्हतं. दुसरा मार्ग नर्सिंग होमचा, आणि तो शब्द मुलगा इकडेतिकडे बघूनच उच्चारायचा. शेवटी तो माझ्याकडे आला.

"अंकल, तुम्ही सोबत असाल तर आई जाईल."

आजींना आणि मला एकमेकांची भाषा येत नाही. सोबतीसाठी ते त्याला सोयीचं वाटलं असावं. माझी मुलगी म्हणाली, "जा ना बाबा, त्यांना हेल्प होईल." मी परोपकारी चेहरा करून व्हॅनमध्ये बसलो.

तिथे आजी संत्रं सोलून फोडी माझ्यापुढे ठेवत. ताटातला भात संपेपर्यंत मला उठू देत नसत. म्हाताऱ्या माणसाला कोणाची तरी काळजी घेऊ द्यावी, हीही सेवाच, अशी मी समजूत घातली. स्वतःची.

चिनी नववर्षाला संचालकांनी ज्येष्ठांच्या सन्मानावर इतकं लांब भाषण केलं, की पुढच्या रांगेतले दोन ज्येष्ठ सन्मानाने झोपले. मग त्यांनी एका निःस्वार्थ शेजाऱ्याचा सत्कार जाहीर केला. मी कोटाचं बटण लावलं. लाल मफलर आजींच्या गळ्यात पडला.

आजी माइकवर चार वाक्यं बोलल्या. शेजारच्या स्वयंसेविकेने मला त्यांचा अर्थ सांगितला. "त्या म्हणतात, मला घरीच बरं वाटतं. पण बायको गेल्यापासून हे गृहस्थ धड जेवत नाहीत. मुलगी बिचारी नोकरी करते. म्हणून मी यांना घेऊन येते."

सगळ्यांनी माझ्याकडे बघत टाळ्या वाजवल्या. सभ्यता म्हणून मीही वाजवल्या.

घरी मुलीला विचारलं, "हे तू आणि आजींच्या मुलाने मिळून ठरवलंत?"

"हो. बाबा, तुम्ही आता नीट जेवता. त्या रोज जातात. प्रॉब्लेम काय आहे?"

"माझ्या इभ्रतीचा आहे."

"ओके, मग उद्यापासून कॅन्सल करा. त्याही घरी बसतील."

वाद घालायला तिला मीच शिकवलं होतं.

सकाळी व्हॅन आली. मी खुर्चीतून उठलो नाही. बेल वाजली. दारात आजी, हातात तो लाल मफलर. तो त्यांनी माझ्या गळ्याभोवती घट्ट गुंडाळला, माझा दंड धरला आणि ड्रायव्हरला हातानेच खुणावलं, की थांब, म्हातारा हळू चालतो.

मी हळू चाललो.